पडलो, आता परत कसं यायचं? पश्चात्ताप आणि कृपेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी पास्टर नाही, बायबल कॉलेजला वगैरे गेलेलो नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसणारा माणूस आहे, आणि मधली दोन-अडीच वर्षं तर त्या बाकावरही नव्हतो, कारण एका जवळच्या मित्राचे पैसे मी त्याला न सांगता वापरले होते आणि विचारलं की काहीतरी थाप मारायचो. एक दिवस सगळं बाहेर आलं. पुढे बऱ्याच उशिरा परत आलो, आणि तेव्हापासून लोक हळूच बाजूला घेऊन विचारतात, तू कसं केलंस रे, मला पण काहीतरी सांगायचंय. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढतोय. काही ठिकाणी लांबण लागलीय, चालवून घ्या.

पश्चात्ताप म्हंजे नक्की काय? रडू आलं पाहिजे का?

आलं तर येऊ द्या, नाही आलं तरी काही अडत नाही. आपल्या मराठी शब्दातच "ताप" आहे ना, मागाहून होणारा ताप, त्यामुळे आपली समजूत अशी होते की आत जितकी जळजळ जास्त तितका पश्चात्ताप खरा. पण बायबलच्या नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो, मेटानोइया, त्याचा अर्थ मन पालटणं असा आहे. आणि जुन्या करारातले संदेष्टे जो हिब्रू शब्द सारखा वापरतात, शूव, तो तर अगदी रोजच्या वापरातला शब्द, मागे फिरणं, परत येणं. चुकीच्या बसमध्ये बसलोय हे कळल्यावर सीटवर बसून कितीही रडलो तरी बस काही वळत नाही, उतरावं लागतं. आणि उतरताना रडत असाल किंवा नसाल, कंडक्टरला त्याचं काय.

मला फार अपराधी वाटतं. हे देवाकडून आहे की नुसतंच गिल्ट?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर मला पेत्र आणि यहूदा या येशूच्या दोन शिष्यांना शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकाच रात्री दोघं पडले. यहूदाने चांदीच्या ३० नाण्यांसाठी प्रभूला, म्हणजे येशूला, धरून दिलं, पेत्राने मुख्य याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी उभं राहून तीनदा सांगितलं की मी त्या माणसाला ओळखत नाही. नंतर दोघांनाही वाईट वाटलं. आता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २७ वा अध्याय नीट वाचला तर दिसतं की यहूदाने आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो त्यातलं जवळजवळ सगळं केलं होतं: निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं असं त्याने तोंडाने कबूल केलं, पैसे परत केले, काही सबब सांगितली नाही. पण हे सगळं त्याने कुणापुढे केलं? ज्यांनी त्याला विकत घेतलं होतं त्याच याजकांपुढे. आणि त्यांचं उत्तर काय, तर त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ! माझ्या मते अख्ख्या बायबलमधलं हे सगळ्यात थंडगार वाक्य आहे. माणूस तुटून समोर उभा आहे आणि समोरचे म्हणतायत तुझं तू बघ. यहूदा तिथून निघाला आणि एकटाच गेला, आणि एकटा गेला तो संपलाच.

पेत्राने काय वेगळं केलं? खरं सांगायचं तर फार काही नाही. लूक सांगतो की कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. कबुली नाही, भरपाई नाही. पण तो बाकीच्या शिष्यांपासून तुटला नाही, त्यांच्यातच राहिला, आणि कबर रिकामी आहे असं कळल्यावर धावत सुटला. पुढे योहानाच्या २१ व्या अध्यायात मासे धरताना किनाऱ्यावर प्रभू आहे असं ऐकलं तर गड्याने थेट पाण्यात उडी मारली, नाव लागेपर्यंत थांबला नाही.

मत्तय यहूदासाठी मेटानोइया हा शब्द वापरतच नाही, दुसरा वापरतो, ज्याचा अर्थ हळहळणं, मनाला लागणं असा होतो. यावर लोक मोठमोठे उपदेश देतात पण फार ताणू नका, कारण तोच शब्द मत्तय २१ मध्ये त्या मुलासाठी पण आलाय जो आधी नाही म्हणाला आणि मग द्राक्षमळ्यात कामाला गेला. म्हणजे हळहळ वाईट असं नाही. हळहळ वाटल्यावर पाय कुठे वळले ते बघायचं. तुमची अपराधी भावना तुम्हाला देवाकडे, ज्याला दुखावलं त्याच्याकडे, माणसांकडे ढकलत असेल तर तिला तिचं काम करू द्या. ती तुम्हाला दार लावून एकटं बसवत असेल, तुझं तू बघ म्हणत असेल, तर तो आवाज कुणाचा आहे ते आता माहितीय. प्रेषित पौलानेही करिंथकरांना दुसऱ्या पत्रात (७:१०) हेच लिहिलंय, देवाला धरून असलेलं दुःख तारणाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे.

यहूदाचं शेवटी काय झालं ते देवाला ठाऊक, त्यावर मी बोलणार नाही. पण हे वाचताना तुमच्या मनात आता जगूच नये असं काही येत असेल तर पुढचं वाचायचं थांबवा आणि आत्ताच्या आत्ता एखाद्या माणसाला फोन करा, घरातल्या कुणाला तरी उठवा, डॉक्टरांकडे जा. प्रश्नोत्तरं कुठे पळून जात नाहीत.

मग पेत्राला माफी नक्की कधी मिळाली?

छान प्रश्न, कारण "पेत्रा, मी तुला माफ केलं" असं वाक्य कुठेच सापडत नाही. पण खुणा बघा. पडायच्या आधीच प्रभू त्याला म्हणाला होता की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केलीय, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. "वळलास तर" नाही, "वळलास म्हणजे". पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेत बसलेला एक तरुण बायकांना म्हणतो, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्र शिष्यांत धरलेलाच होता की, मग नाव वेगळं का घेतलं? कारण त्याला वाटत असणार, शिष्य म्हटल्यावर त्यात आता मी येत नाही.

आणि मग ती किनाऱ्यावरची सकाळ. योहानाने तिथे कोळशाच्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय तो नव्या करारात फक्त दोनदा येतो, एकदा पेत्राने नाकारलं त्या वाड्यात आणि एकदा इथे. तोच विस्तव, तीन वेळा नाकारलं म्हणून तीन वेळा प्रश्न, तू माझ्यावर प्रेम करतोस का. तिसऱ्या वेळेला पेत्र दुःखी झाला असं लिहिलंय. साहजिक आहे, जखमेवर बरोबर बोट ठेवलं होतं. पण त्याआधी प्रभूने त्याला जेवू घातलं होतं. आधी नाश्ता, मग प्रश्न. हा क्रम मला फार आवडतो.

देव माफ करतो हे कळतं हो, पण मीच मला माफ करू शकत नाही.

स्वतःला माफ करा अशी आज्ञा बायबलमध्ये मला कुठे दिसलेली नाही. हे ऐकून काही लोकांना धक्का बसतो, मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं, कारण कितीतरी महिने मी तेच जमवायचा प्रयत्न करत होतो आणि जमत नव्हतं. गुन्हा पण माझा, न्यायाधीश पण मीच, मग ती केस कधी संपणार? योहानाच्या पहिल्या पत्रात (३:२०) लिहिलंय की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. म्हणजे वरच्या कोर्टाचा निकाल आलेला असताना खालच्या कोर्टात तारखा कशाला घ्यायच्या. मन कुरकुर करणार, करू दे. ते शांत व्हायला वेळ लागतो, आणि ते शांत झालं नाही म्हणून माफी झालीच नाही असं होत नाही.

थोडं कडू बोलतो. मी स्वतःला माफ करणार नाही या हट्टात कधीकधी अहंकारही असतो, माझ्यासारख्या माणसाकडून हे झालंच कसं. देवाला आपल्याबद्दल असा गैरसमज कधीच नव्हता.

तेच पाप परत परत होतं. प्रत्येक वेळी माफी मागायची लाज वाटते.

पेत्रानेच विचारलं होतं, भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा? त्याला वाटलं असणार आपण फार मोठं मन दाखवतोय. प्रभू म्हणाला सातच्या सत्तर पट. आता जो आपल्याला असं करायला सांगतो तो स्वतः सातव्या वेळेला वही मिटून टाकेल का?

पण इथे दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. दर वेळी मनापासून माफी मागायची आणि बाकी सगळं आहे तसंच ठेवायचं, तोच फोन त्याच खोलीत रात्री दोन वाजता, तेच मित्र, तीच बाटली कपाटात, आणि मग देवा मला बळ दे, याला काय म्हणायचं? बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाला शोभणारी फळं द्या म्हणाला तेव्हा लोकांनी विचारलं मग आम्ही काय करायचं, आणि त्याने अगदी साधी उत्तरं दिली (लूक ३). दोन अंगरखे असतील तर एक देऊन टाका. जकातदारांनो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांनो, कुणाला लुबाडू नका, पगारात भागवा. म्हणजे प्रत्येकाला त्याच्या धंद्यातली एकेक गोष्ट. तुमची ती एक गोष्ट कोणती आहे हे तुम्हाला माहीत असतं, मला विचारायची गरज नसते. व्यसनाचा प्रश्न असेल तर उपचार घेणं, ग्रुपला जाणं हाही पश्चात्तापच, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

१५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरने जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच हा होता की पश्चात्ताप करा असं प्रभू म्हणाला तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असा त्याचा अर्थ होता. एकदा करून संपवायचं काम नाही ते. आणि आपला पेत्र, एवढं सगळं होऊन, पेंटेकॉस्टला उभं राहून उपदेश करून, पुढे अंत्युखियात परत घसरला, लोकांच्या भीतीने विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, भावांबरोबर जेवायचं बंद केलं आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं (गलती २). भीती हाच त्याचा जुना आजार. म्हणजे तो पुरता गेलाच नव्हता.

कृपा फुकट आहे तर मग काहीही करा आणि नंतर सॉरी म्हणा, असंच ना?

पौलाला हाच प्रश्न लोकांनी विचारला होता, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय तिथूनच सुरू होतो, आणि त्याचं उत्तर म्हणजे एका शब्दात मुळीच नाही! मी एवढंच म्हणेन की असं विचारणाऱ्याला बहुतेक करून अजून माफीची गरज लागलेली नसते. ज्याला लागलेली असते तो हिशोब घालत नाही.

आधी सुधारायचं आणि मग देवाकडे जायचं की उलट?

उलट. जक्कयाची गोष्ट बघा, यरीहोतला मुख्य जकातदार, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू खाली थांबून म्हणाला, उतर लवकर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. आधी पैसे परत कर मग येतो असं म्हणाला नाही. आणि मग जक्कय स्वतःच उठून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. नियमशास्त्रात साधारण भरपाई म्हणजे मुद्दल अधिक पाचवा हिस्सा (गणना ५:७). चौपट हे मेंढरू चोरून कापणाऱ्यासाठी होतं. त्याने स्वतःलाच चोराचा दंड लावून घेतला आणि तोही आनंदात.

येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचंही तेच, बापाकडून वाटा घेऊन सगळं उडवून बसलेला. तो घरी निघाला तो बापाच्या प्रेमाने वगैरे नाही, पोटात भूक होती आणि बापाच्या घरी मजुरांनाही पोटभर मिळतं हे आठवलं. कारण फार उदात्त नव्हतं. वाटेत त्याने भाषण पाठ केलं होतं, त्याचं शेवटचं वाक्य होतं मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. लूक १५ मध्ये १९ वं आणि २१ वं वचन ताडून बघा, ते वाक्य त्याला बोलायलाच मिळालं नाही, बापाने मध्येच झगा आणा, अंगठी आणा सुरू केलं.

कुणाला सांगावंच लागतं का? देवाला सांगितलं की पुरे ना?

परंपरेप्रमाणे उत्तर वेगळं. कॅथलिक चर्चमध्ये गंभीर पापासाठी फादरकडे पापनिवेदन असतं, १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा ते करायचंच असा नियम केला, आणि तिथे सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी थेट देवापुढे कबुली. पण याकोबाच्या पत्रात (५:१६) एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा असं आहे, आणि हे वचन आम्ही प्रोटेस्टंट लोक फार वेगाने वाचून पुढे जातो.

माझं मत विचाराल तर एका तरी माणसाला सांगा. स्तोत्र ३२ मध्ये दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तोवर माझी हाडं झिजली, दिवसभर कण्हत होतो. लपवायला फार ताकद लागते, ती सगळी मोकळी होते. पण माणूस बघून सांगा. जो ऐकून घेईल, प्रार्थनेचा विषय म्हणून चार जणांत वाटणार नाही, आणि तुम्हाला सोडूनही देणार नाही असा. अख्ख्या मंडळीपुढे माईकवर सांगायची काही गरज नसते, जितक्यांचं नुकसान झालं तितक्यांना कळलं की बास.

ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जायचं का?

हो. मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहेस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. उपासना अर्धी सोडून!

माझं सांगतो. मी पहिल्यांदा मित्राला लांबलचक मेसेज लिहिला होता, त्यात माझी परिस्थिती कशी होती, कसं टेन्शन होतं, तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. पाठवायच्या आधी मंडळीतल्या एका काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, यात तू कितीदा आलायस आणि तो कितीदा आलाय ते मोज. मोजलं. मेसेज डिलीट केला, भेटायला गेलो, इतकी रक्कम घेतली, खोटं बोललो, या तारखेपासून महिन्याला इतके परत करीन, एवढंच बोललो आणि गप्प बसलो. गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं. "वाईट वाटलं असेल तर" यातला "तर" काढून टाका, तो माफीच्या आत लपलेला वकील असतो.

मात्र एक अपवाद. तुमच्या जाण्याने समोरच्या माणसाला त्रासच होणार असेल, त्याने किंवा तिने भेटायचं नाही असं स्पष्ट सांगितलं असेल, मारहाण किंवा अत्याचाराची गोष्ट असेल, तर आपलं मन हलकं करायला तिच्या दारात उभं राहू नका. आणि गुन्हा असेल तर तो पोलिसांपुढे, कायद्यापुढे कबूल करायचा असतो, प्रार्थनेत मिटवायचा नसतो.

मी माफी मागितली, समोरचा द्यायला तयार नाही.

तो त्याचा आणि देवाचा मामला. क्षमा मागायचा हक्क तुमचा, मिळवायचा नाही. त्याला बायबलची वचनं पाठवू नका, प्लीज.

देवाने माफ केलं तर मग मी अजून परिणाम का भोगतोय?

दावीदाची गोष्ट इथे टाळता येत नाही, मला ती अजूनही वाचताना जड जाते. राजा, बथशेबेला बोलावून घेतलं, ती गरोदर राहिली, मग नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मुद्दाम पुढे ठेवून मारवलं. आणि हे पत्र उरीयाच्याच हातून पाठवलं. नाथान संदेष्टा येतो, गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो, दावीद चिडून म्हणतो तो माणूस मेलाच पाहिजे, आणि नाथान म्हणतो तो माणूस तूच. दावीद म्हणतो मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. नाथान लगेच, त्याच दमात, परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. पण लगेच पुढे हेही, की तुझं बाळ मरेल. आणि तुझ्या घरातून तलवार जाणार नाही, हे तर त्याने कबुलीच्या आधीच सांगितलं होतं. आणि ती तलवार गेली नाही, दावीदाचा मुलगा अबशालोम याच्यापर्यंत.

बाळ गेलं ते का, यावर सोपं उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण एवढं दिसतं की माफी मिळणं आणि झालेलं पुसलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उरीया परत आला नाही. माझ्या बाबतीत पैसे फिटले, मैत्री आधीसारखी झाली नाही. आम्ही भेटतो, बोलतो, पण त्याने परत कधी मला घराची किल्ली दिली नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. परिणाम म्हंजे देव अजून चिडलेला आहे असं समजू नका. स्तोत्र ५१, जे याच प्रसंगाच्या नावावर आहे, त्यात दावीद परिणाम टाळ असं मागतच नाही, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर आणि मला तुझ्यासमोरून टाकू नको, हे मागतो.

माझं पाप फार मोठं आहे. अक्षम्य पाप मीच केलं नसेल ना?

मार्क ३ मध्ये पवित्र आत्म्याच्या निंदेबद्दल जे आहे ते कुणाला उद्देशून आहे बघा, येशू माणसांना बरं करतोय हे डोळ्यांनी बघून त्याच्यात भूत आहे असं म्हणणाऱ्या शास्त्र्यांना. ज्याला प्रकाश दिसतोय आणि तो त्यालाच अंधार म्हणतोय असा माणूस. असा माणूस रात्री जागून मला माफी मिळेल का असं विचारत नाही. तुम्ही विचारताय, एवढं पुरेसं आहे. इब्री लोकांस पत्रातल्या सहाव्या अध्यायाने पण लोक घाबरतात, कारण पतन झालेल्यांना परत पश्चात्तापाकडे आणणं अशक्य असं तिथे आहे, पण त्याच अध्यायात नवव्या वचनात लेखक म्हणतो, प्रियजनहो, तुमच्याबद्दल आमची खात्री याहून चांगली आहे.

चर्चला हा प्रश्न खूप आधी पडला होता. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढलं की सगळ्यांनी देवतांना बलिदान करून तसा दाखला घ्यायचा. खूप ख्रिस्ती लोकांनी भीतीने बलिदान केलं, काहींनी नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे सगळे दारात उभे, आम्हाला परत घ्या. रोमचा नोव्हेशियन म्हणाला नाही, चर्च यांना परत घेऊ शकत नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इतरांनी ठरवलं की घ्यायचं, पण घाईत नाही, पश्चात्तापाचा काळ काढून. पुढे ३२५ च्या निकेया परिषदेत, जे काही जबरदस्ती नसताना फिरले होते त्यांना १२ वर्षांची वाट आखून दिली, ३ वर्षं ऐकणाऱ्यांत, ७ वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत, २ वर्षं प्रार्थनेत पण प्रभुभोजनाशिवाय. १२ वर्षं, बाप रे! आज आपण एवढं कडक नसतो आणि बरंच आहे. पण त्याच परिषदेने हेही ठरवलं की कुणी मरणाला टेकला असेल तर त्याला प्रभुभोजनावाचून ठेवायचं नाही. म्हणजे दार जड होतं पण कुलूप नव्हतं.

आणि अजून एक. काही जणांना हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा पडतो, कबुली देऊन आलं की वाटतं नीट दिली नाही, परत द्यावी. लूथर मठात असताना तासन् तास कबुली देत बसायचा. हे असं होत असेल तर ते पाप जास्त आहे म्हणून नसतं, बऱ्याचदा तो मनाचा आजार असतो आणि त्याला औषध, समुपदेशन असतं. पास्टरबरोबर डॉक्टरही गाठा.

मंडळीत परत गेलो तर लोक टोमणे मारतात, कुजबुजतात.

मारतात. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मोठा भाऊ उगाच नाहीये, आणि गंमत म्हणजे तो शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला, एवढं सांगितलं. करिंथच्या मंडळीत एकाला बहुतेकांनी मिळून शिक्षा केली होती, पौल लिहितो आता बस झालं, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २). हे वाचणारे कुणी कुजबुजणाऱ्यांपैकी असाल तर तेवढा अध्याय काढून वाचा. आणि परत जाणाऱ्यांनी पहिले काही रविवार दात ओठ खाऊन काढा. विश्वास परत मिळायला लोकांना वेळ द्यावा लागतो, आपण त्यांना किती दिवस फसवलं होतं?

पास्टर किंवा लीडर पडले तर त्यांना परत पदावर घ्यावं का?

मंडळीत परत घेणं आणि पदावर परत बसवणं एकच नाही. पहिलं नेहमी. दुसरं कधीकधी, उशिरा, आणि ज्यांना त्रास झाला त्यांना विचारल्याशिवाय नाही. पैशाचा घोटाळा केलेला माणूस भाऊ आहे, पण दानपेटीची किल्ली त्याच्याकडे कशाला? मला आमच्या मंडळीत हिशोब बघायला कुणी सांगत नाही आणि सांगितलं तरी मी घेणार नाही. मुलांशी किंवा कमजोर माणसांशी गैरवर्तन असेल तर चर्चाच नको, पद नाही. आणि कृपेचं नाव घेऊन पीडितांना गप्प बसवणारा पश्चात्ताप मला तरी पश्चात्ताप वाटत नाही.

माझ्यात बदल फार हळू होतोय. म्हणजे माझा पश्चात्ताप खोटा का?

जॉन न्यूटन, अमेझिंग ग्रेस हे इंग्रजी भक्तिगीत लिहिणारा. सगळ्यांना वाटतं की तो गुलामांच्या जहाजावर होता, वादळात सापडला, बदलला आणि धंदा सोडून गाणं लिहिलं. तसं झालं नाही. वादळ १७४८ मध्ये. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला, आणि १७५४ पर्यंत ते काम करत होता, प्रार्थना करत करत. १७६४ मध्ये पाळक झाला. ते गीत १७७३ च्या पहिल्या दिवसाच्या उपासनेसाठी लिहिलेलं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे पत्रक काढलं ते १७८८ मध्ये, वादळानंतर ४० वर्षांनी, आणि त्यात ही कबुली फार उशिरा आलीय हे स्वतःच मान्य केलं. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये तो व्यापार बंद केला आणि त्याच वर्षाच्या शेवटी न्यूटन वारला.

ही गोष्ट मला दिलासा पण देते आणि टोचते पण. दिलासा कारण देव ४० वर्षं थांबला. टोचते कारण त्या मधल्या वर्षांत त्याच्या जहाजाच्या तळाशी खरी माणसं साखळीला बांधलेली होती, आणि त्याच्या हळू बदलण्याची किंमत त्यांनी मोजली. त्यामुळे हळू बदलतोय म्हणून निराश होऊ नका, पण तुमच्या हळूपणाचा त्रास कुणाला होतोय ते तेवढं बघा, आणि निदान त्या बाबतीत घाई करा.

काहीच वाटत नाही. ना वाईट, ना रडू. दगड झालोय.

तसंच जा. उधळा पुत्र भुकेपोटी गेला होता, तुम्ही कंटाळ्यापोटी गेलात तरी चालेल.

प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत.

लूक १८ मधला जकातदार दूर उभा राहिला, वर बघायचं पण धाडस नव्हतं, ऊर बडवत म्हणाला, हे देवा, माझ्यासारख्या पाप्यावर दया कर. मूळ ग्रीकमध्ये हे सहाच शब्द आहेत. येशू म्हणाला तो नीतिमान ठरून घरी गेला. तेवढंच म्हणा आणि झोपा, रात्री उशिरा यापेक्षा जास्त काही सुधरत नाही. आणि सकाळी उठल्यावर त्या माणसाला फोन करायचाय.